वाचक क्रमांक सात

"डायनासोर मेले तेव्हा त्यांना पुरलं कुणी?"

शाळेच्या ग्रंथालयात, बुटक्या टेबलापुढे गुडघे टेकून, ती एका बोटाने हा प्रश्न टाइप करत होती. एकेक अक्षर शोधत, मुद्दाम सावकाश. शेवटचं प्रश्नचिन्ह दाबलं आणि तिच्या अगदी मागे कुणीतरी हसलं.

ती किंचाळली. नुसती किंचाळली नाही, तर हातातली फूटपट्टी उगारून गर्रकन वळली. समोर एक उंच तरुण उभा होता. खांद्याला पिशवी, हातात मिटलेली ओली छत्री, आणि चेहऱ्यावर अर्धवट राहिलेलं हसू.

"मारू नका," तो म्हणाला. "मी नुसता हसलो."

"न विचारता आत कसे आलात?"

"दारावर लिहिलंय ना… या, बसा, वाचा. म्हणून आलो. बसायला गेलो तर –" त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या खुर्च्या त्याच्या गुडघ्याला लागत होत्या. "आणि वाचायचं म्हणाल, तर तुमच्या खांद्यावरून वाचलं. ते मात्र चुकलंच."

त्याचं बोलणं असं मोकळं होतं की फूटपट्टी आपोआप खाली आली. काळीज मात्र अजून धडधडत होतं. पण त्यात विशेष काही नाही, तिचं काळीज कायमच धडधडायचं. घरात आई रात्रीची कडी तीनतीनदा बघून यायची, गॅस बंद केल्यावरही त्याच्याकडे संशयाने पाहत उभी राहायची. अशा घरात वाढलेल्या मुलीला भीती शिकवावी लागत नाही. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीही तिला टेलिफोनची घंटा वाजली की दचकायला व्हायचं. पुस्तकांची मात्र कधी भीती वाटली नाही, म्हणून ती प्राथमिक शाळेत ग्रंथपाल झाली. मुलं तिला पुस्तकबाई म्हणायची, आणि हळूहळू सगळी शाळाच म्हणायला लागली.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"कंदीलवाल्यांकडून आलोय."

मग तिच्या लक्षात आलं. शाळेला तिसरी-चौथीच्या मुलांसाठी एक ऑनलाइन माहितीकोश घ्यायचा होता. मुलांना प्रकल्पासाठी माहिती शोधायची असते. त्यांना मोकळ्या इंटरनेटवर सोडून देण्यापेक्षा असा एखादा नीट, निवडक कोश शाळेने घ्यावा, असं ठरलं होतं. तीन कंपन्यांनी आपापले कोश महिनाभर वापरून बघायला दिले होते. एकाच्या पडद्यावर घुबड होतं, दुसऱ्याच्या जहाज आणि तिसऱ्याच्या कंदील. नावं लांबलचक होती, म्हणून सगळे त्यांना चित्रांनीच ओळखायचे.

"तिन्ही तपासा आणि एक सुचवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "खाली तुमची सही राहील. आपल्या संस्थेच्या बाकीच्या सहा शाळाही तुमच्याच अहवालावर जाणार आहेत."

सही म्हटल्याबरोबर पुस्तकबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी तिसरीतल्या एका चिमुरडीने याच टेबलावर, मोकळ्या इंटरनेटवर 'विंचू' शोधला. पुस्तकबाई दोन मिनिटांसाठी कपाट लावायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा पडद्यावर विंचू चावून सडलेल्या पायाचं चित्र होतं आणि ती पोर डोळे मिटून, कान दाबून बसली होती. कान का दाबले होते कोण जाणे. पुढे दोन महिने ती मुलगी दिवा लावल्याशिवाय झोपली नाही. तिच्या घरचे तक्रार घेऊन आले, मोठ्या बाईंनी लेखी समज दिली. त्या कागदाची घडी पुस्तकबाईंच्या टेबलाच्या खणात अजून होती, आणि खण उघडताना त्या तिकडे बघायच्या नाहीत.

"तुम्ही माल विकायला आलात का?" आता तिने विचारलं.

"विकणारे वेगळे. मी लहान मुलांची पानं लिहितो. दर मंगळवारी येणार आहे, तुम्हाला काही अडलं तर." तो एका बुटक्या खुर्चीवर बसला. गुडघे थेट हनुवटीला आले. "आमच्याकडे माणसं कमी. या विभागात मी धरून अडीच जण."

"अर्धं कोण?"

"चित्रं काढणाऱ्या बाई. त्या अर्धा दिवस येतात."

तिला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. हसू आलं की माणूस बेसावध होतो.

"तो प्रश्न कुणाचा?" त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "डायनासोरचा?"

"माहीत नाही." तिने कपाटावरची पत्र्याची पेटी दाखवली. "मुलं त्यात चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठीवर नाव नसतं, तोच नियम. उत्तर मी दुसऱ्या दिवशी त्या फळ्यावर लावते. मुलं जसं विचारतात तसंच मी तिन्ही कोशांना विचारून बघतेय. त्यांच्याच उंचीवरून."

 तो तिने गुडघ्यांखाली घेतलेल्या चटईकडे, पेटीकडे आणि मग तिच्याकडे अशा नजरेने पाहत राहिला की तिने उगाचच पंख्याचं बटण दाबलं.

---

पुढच्या मंगळवारी शिपाई मावशी दारातच म्हणाल्या, "आज वेणी छान घातलीये हो."

"रोजच घालते."

"रोज घालता, पण आज छान घातलीये." आणि त्या बादली घेऊन हसत निघून गेल्या.

तो आला तेव्हा ती तक्ता भरत होती. चाळीस चिठ्ठ्या, तीन कोश. मासे झोपले की बुडतात का? सावलीला वजन असतं का? घुबड सगळ्याला उत्तर द्यायचं, पण असं, की चौथीच्या वर्गशिक्षिकेलाही शब्दकोश लागावा. जहाजावर उत्तरापेक्षा खेळच जास्त; मासा शोधायला गेलेलं मूल अर्धा तास नाणी गोळा करत बसायचं. कंदील मात्र… कंदील साध्या वाक्यांत सांगायचा. पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव असायचं, तारीख असायची. आणि माहिती नसली तर सरळ म्हणायचा, 'काही सापडलं नाही.'

"कोणकोणते रकाने आहेत?" त्याने वाकून विचारलं.

"सापडलं का. तिसरीतल्या मुलाला वाचता येतं का. कुणी लिहिलं. केव्हा लिहिलं." ती थांबली. "घाबरवतं का."

"शेवटचा रकाना कुठल्याच शाळेच्या तक्त्यात नसतो."

"माझ्यात आहे."

"या तक्त्यात… माणसं तपासता येतात?"

"येतील की."

"मग तपासा. तारीख – आजची. वाचायला – अगदी सोपा. राहिलं काय, घाबरवतो का?"

"पहिल्या दिवशी घाबरवलंत."

"आणि आता?"

तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक मोडलं. पुन्हा काढलं. "तक्ता अजून भरायचाय," ती म्हणाली.

जाताना तो सहज बोलून गेला की या शाळेने कंदील नाकारला तर त्यांचा लहान मुलांचा विभागच बंद होईल. साहेबांनी तसं सांगूनच पाठवलंय. "मग अडीच माणसं तुमच्याकडे चिठ्ठ्या निवडायला येतील," असं म्हणून तो हसला. तिला हसता आलं नाही. संध्याकाळी बसमध्येही तेच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

त्याच आठवड्यात पेटीत एक चिठ्ठी निघाली. अक्षर बारीक, दाबून लिहिलेलं. 'मला भीती वाटते. कुणाला सांगू?'

मुलं घरी गेल्यावर तिने दार लोटलं आणि ती चिठ्ठी तिन्ही कोशांना विचारली. वापरून बघायला कंदीलवाल्यांनी शाळेला दहा क्रमांक दिले होते. ती सात क्रमांकाने आत शिरायची. घुबडाने भीतीचे अकरा प्रकार सांगितले. जहाजाने भुताचा खेळ उघडला. कंदील म्हणाला, 'काही सापडलं नाही.'

तिला ते उत्तर फार प्रामाणिक वाटलं. इतकं, की बोटं आपोआप पुढे चालली. 'मोठ्या माणसांनाही भीती वाटते का?' काही सापडलं नाही. 'सगळ्यांसमोर बोलताना पाय का थरथरतात?' काही सापडलं नाही. जे आईला सांगितलं तर आई रात्रभर जागी राहिली असती आणि मावशींना सांगितलं तर शाळाभर झालं असतं, ते या पडद्याला सांगता येत होतं. इथे कुणी ऐकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, 'एखादा माणूस हसला की आपल्यालाही हसू का येतं?' आणि शुक्रवारी, दोनदा दाराकडे बघून, 'मंगळवार इतक्या उशिरा का येतो?'

काही सापडलं नाही. तिने पडदा बंद केला आणि स्वतःच्याच कानशिलांना हात लावून पाहिला. तापली होती.

---

सोमवारी तिने सहज कंदील उघडला, भीतीची चिठ्ठी पुन्हा एकदा टाकली, आणि पान उघडलं.

'भीती' असं वर लिहिलं होतं. खाली दिव्याजवळ बसलेल्या मांजरीचं चित्र. 'भीती सगळ्यांना वाटते. मोठ्या माणसांनाही वाटते, पण ती माणसं ते लपवतात. भीती वाटली की पाय थरथरतात, कारण शरीर पळायची तयारी करत असतं. पळालंच पाहिजे असं नाही. ज्याचा आवाज ऐकून तुला बरं वाटतं, अशा एका माणसाला सांग.' त्याखाली तारीख होती कालची.

तिचे डोळे भरून आले. असं कुणीतरी आपल्याला आठव्या वर्षीच सांगायला हवं होतं, असं वाटलं. तिने पान पुन्हा वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. मोठी माणसं. थरथरणारे पाय. ही तर तिचीच वाक्यं होती. त्या लोटलेल्या दारामागे, रिकाम्या खोलीत तिने जे विचारलं, ते कुणीतरी ऐकलं होतं.

ती उठली. दार उघडलं, बाहेर पाहिलं, दार लावलं. संगणकाच्या वर कॅमेऱ्याचा जो बारीक काळा ठिपका होता, त्यावर तिने चिकटपट्टी लावली. मग ती पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये जाऊन उभी राहिली, आणि मावशी झाडायला येईपर्यंत तिथून हलली नाही.

मंगळवारी तो आला तो खुशीतच.

"ते भीतीचं पान पाहिलंत?"

"तुम्ही लिहिलंत?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुम्हाला कसं कळलं की… असं कुणी विचारलंय?"

"तेच तर माझं काम!" त्याने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. "ज्या प्रश्नांना काही सापडत नाही, त्यांची यादी रोज सकाळी माझ्याकडे येते. मी वाचतो आणि पान लिहितो. आणि ऐका, तुमच्या शाळेत एक छोटी मुलगी आहे. म्हणजे मुलगीच असावी. वाचक क्रमांक सात. फार घाबरते हो बिचारी. तिच्यासाठीच लिहिलं मी ते. हे बघा."

पडद्यावर यादी होती. शाळेचं नाव, वाचक क्रमांक, वार, वेळ, आणि पुढे प्रश्न. तिचे सगळे प्रश्न, ओळीने.

"किती गोड विचारते बघा. 'एखादा माणूस हसला की आपल्यालाही हसू का येतं?' आणि हा शुक्रवारचा, पान लिहिण्याच्या नादात वाचायचाच राहिला होता. 'मंगळवार इतक्या उशिरा का…'"

तो थांबला.

खोलीत पंख्याचा आवाज होता. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलांचा गलका उठला, तरी तो थांबलेलाच होता. मग त्याने फार हळू मान वर केली. तिचा चेहरा पाहिल्यावर विचारायचं काही राहिलंच नाही. त्याचे स्वतःचे कान लालबुंद झाले होते.

"म्हणजे… सात क्रमांक…"

"जा तुम्ही," ती म्हणाली.

"ऐका तरी. मला खरंच माहीत नव्हतं –"

"माहीत नव्हतं म्हणून वाचलंत. माहीत असतं तरी वाचता आलं असतंच ना?" लाजेने तिला रडू येत होतं, पण लाजेच्या मागून दुसरीच एक भीती वर येत होती, आणि ती जास्त मोठी होती. "आज मी आहे. उद्या प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळेल. कुठला क्रमांक कुणाचा, हे शाळेच्या वहीत असेल. एखादं पोरगं विचारेल, बाबा ओरडले की कुठे लपू? ते तुमच्या यादीत येईल. वार, वेळ, शाळेसकट. कोण कोण वाचतं ही यादी?"

"मी वाचतो. साहेब वाचतात. विकणारेही…" तो अडखळला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. "मला वाटायचं, मी त्यांचं ऐकतोय."

"न सांगता ऐकलं तर त्याला चोरून ऐकणं म्हणतात."

त्याने लॅपटॉप मिटला. छत्री विसरून गेला.

---

शुक्रवारी कोश निवडायच्या समितीची बैठक होती. बुधवारी तिने अहवाल लिहायला घेतला. कंदिलासमोर एकामागून एक खुणा पडत गेल्या, सगळ्या चांगल्या. यादीचा विषय तिच्या तक्त्यात नव्हताच. तिने तो लिहिला नाही, तर कुणालाही कळणार नव्हतं. मुलांना चांगला कोश मिळाला असता, त्याचा विभाग टिकला असता, मंगळवार येत राहिले असते. आणि लिहायचं म्हटलं तर मोठ्या बाई पुरावा मागणार. पुरावा एकच होता, तिच्या स्वतःच्या प्रश्नांची यादी. ती समितीसमोर ठेवावी लागणार होती. तिने पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात दारात ती विंचूवाली मुलगी उभी राहिली. आता चौथीत होती. वर्षभरात पहिल्यांदा ती पुस्तकबाईंच्या समोर आली होती.

"बाई, त्या कंदिलात काहीपण विचारलं तर चालतं?"

"चालतं की."

"कुणाला कळत नाही ना?"

मुलीची बोटं दाराच्या कडेला घट्ट धरलेली होती. पुस्तकबाईंना ते बारीक, दाबून लिहिलेलं अक्षर आठवलं. भीतीची ती चिठ्ठी कुणाची असेल, हे शोधायचं नाही असा नियम त्यांनी स्वतःच केला होता. पण उत्तर द्यायलाच हवं होतं, आणि खोटं देता येईना.

"अजून नको विचारूस," त्या म्हणाल्या. "आधी मी नीट बघते. तोवर पेटी आहे. पेटीतलं फक्त मी वाचते, आणि मला नाव दिसत नाही."

मुलगी मान हलवून पळाली. पुस्तकबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मग तिने त्याला फोन केला. फोनवर बोलायचं काय ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. "मला ती यादी छापून हवी आहे. सगळी."

 "ती यादी दाखवलीत तर आमचं संपलं, हे माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"आणि… शेवटच्या दोन ओळी? त्या कापून देऊ?"

तिने डोळे मिटून घेतले. "नको. कापलेल्या कागदावर कोण विश्वास ठेवेल?"

"आणतो," तो म्हणाला. "मीच आणतो."

---

बैठकीच्या खोलीत मोठ्या बाई होत्या, चौथीच्या वर्गशिक्षिका होत्या, पालकांचे एक प्रतिनिधी होते, आणि टेबलाच्या टोकाला, कंपनीतर्फे, तो. त्याने यादीचा लिफाफा तिच्याकडे सरकवला. नजर वर केली नाही. तिने लिफाफा मोठ्या बाईंकडे दिला आणि जेवढं पाठ केलं होतं तेवढं एका दमात सांगितलं. मुलं जे विचारतात ते कंपनीकडे साठतं, क्रमांकासकट, आणि लोक ते वाचतात.

"हे खरं आहे?" मोठ्या बाईंनी त्याला विचारलं.

"खरं आहे. यादी मीच काढून दिलीय."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि यादी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. प्रार्थनेनंतर सूचना वाचतात, त्याच आवाजात. "मोठ्या माणसांनाही भीती वाटते का? सगळ्यांसमोर बोलताना पाय का थरथरतात? एखादा माणूस हसला की आपल्यालाही हसू का येतं?" त्या थबकल्या. चष्म्यावरून पाहिलं. "मंगळवार इतक्या उशिरा का येतो?"

पालक प्रतिनिधी खाकरले.

"हे तिसरीतलं मूल दिसत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "कोण आहे ही वाचक सात?"

 तो एकदम पुढे झुकला. "नंबरात चूक होऊ शकते, बाई. कधीकधी आमच्या यंत्रणेत –"

"मी आहे," ती म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती, का ते तिलाही माहीत नव्हतं. पाय असे लटपटत होते की टेबलाला धरावं लागलं. "वाचक सात मी आहे. मला वाटलं कुणी ऐकत नाही, म्हणून विचारलं. आज तुम्ही ते वाचलंत आणि मला इथून पळून जावंसं वाटतंय. मी मोठी आहे, फार तर माझं हसं होईल. आठ वर्षांच्या मुलाचं असं कुणी वाचलं, तर ते पुन्हा कधी कुणालाच काही विचारणार नाही. मी सही करणार नाही. तिघांपैकी कुणासाठीच नाही. बाकीचे दोघे काय साठवतात, तेही आपल्याला माहीत नाही."

कुणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी यादी घडी करून लिफाफ्यात घातली आणि लिफाफा तिच्या हातात परत दिला.

"बसा पुस्तकबाई, पडाल." मग त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना सांगा. शाळेचं नाव आणि क्रमांक यादीतून काढलेत तर पुढच्या सत्रात या. नाही काढलेत तर येऊ नका." आणि दारातून बाहेर पडताना, कुणाकडेच न बघता, "मंगळवार दर आठवड्याला वेळेवरच येतो. वेळापत्रक मी लावते, मला ठाऊक आहे."

तो व्हरांड्यात थांबला असेल असं तिला वाटलं. तो थांबला नव्हता. साहेबांना गाठायला गेला, असं मावशींनी सांगितलं.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याची छत्री कोपऱ्यात वाळून कोरडी ठणठणीत झाली होती. विभाग बंद झाला असेल. नोकरी गेली असेल. आणि ती आपल्यामुळे गेली, तर तो पुन्हा तोंड दाखवेल कशाला? मावशींनी वेणीबद्दल बोलणं सोडून दिलं, आणि ते जास्त लागलं. आईने एकदा कडी बघायला उठताना विचारलं, "काय गं, काही होतंय का?" ती म्हणाली, "काही नाही." कंदिलासारखंच उत्तर होतं ते.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, शाळा सुटल्यावर तिने पेटी उघडली. सात चिठ्ठ्या निघाल्या. बारीक, दाबलेल्या अक्षरातली एक होती, 'विंचू माणसाला घाबरतो का?' ती वाचून तिचा जीव भांड्यात पडला. पोर निदान विंचवाचं नाव तरी घेत होती. सगळ्यात खालच्या चिठ्ठीतलं अक्षर मोठ्या माणसाचं होतं.

'मंगळवार सोडून दुसऱ्या दिवशी यावंसं वाटलं, तर कुणाला विचारावं?'

कपाटामागे बुटकी खुर्ची करकरली. ती दचकली, फूटपट्टीकडे हात गेला, आणि तिथेच थांबला.

तो तिथे बसला होता, गुडघे हनुवटीशी घेऊन. "दार उघडं होतं," तो म्हणाला.

"विभाग?"

"आहे. पंधरा दिवस साहेबांशी भांडलो. आता यादीत नुसते प्रश्न येतात. शाळा नाही, क्रमांक नाही, वेळही नाही." तो उठला. "सकाळी यादी उघडली आणि लक्षात आलं की वाचक सात काही विचारतेय की नाही, ते आता मला कधीच कळणार नाही. म्हणून इथे यावं लागलं."

तिने चिठ्ठी पुढे केली. "कुणी लिहिलंय हे?"

"चिठ्ठीवर नाव नसतं. तोच नियम."

"तो लहान मुलांसाठी आहे."

"मग… मी लिहिलंय." आता हसू नव्हतं. आवाज जरा कापत होता, आणि ते ऐकून तिला फार बरं वाटलं. "दोन आठवडे दारापर्यंत येऊन परत गेलो. तुम्ही जा म्हणाला होतात. मला तुम्ही फार आवडता. आणि तुम्ही पुन्हा जा म्हणाल, याची मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "सगळ्याचीच. तुम्ही आलात त्याची. न येण्याची तर फारच वाटत होती."

"मग आता?"

ती उत्तर न देता टेबलाशी गेली. पेटीतल्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लावायचं असतं. तिने कोरा कागद घेतला, त्यावर मुलांना वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मला विचारावं. – पुस्तकबाई.' उद्या सकाळी सगळी चौथी ते वाचणार होती, मावशी वाचणार होत्या, मोठ्या बाई तर चष्मा लावून वाचणार होत्या. ते ठाऊक असूनच ती फळ्यापाशी गेली.  टाचणी दोनदा खाली पडली, आणि दोन्ही वेळा ती त्याने वाकून, शोधून, उचलून दिली.